पोटावर टाका नाही

आमच्या कोळीवाड्यात बाईचं ऑपरेशन झालं की बायका पोट बघायला यायच्या. आल्या आल्या पदर सरकवायचा, टाके बघायचे, चुकचुकायचं, आणि तिथल्या तिथे ठरवायचं, हिने मासळीची पाटी कधीपर्यंत उचलायची नाही ते. शेजारणीचा टाका बेंबीपासून खालपर्यंत होता. तिला अख्खा हंगाम सुट्टी मिळाली.

माझ्या पोटावर टाकाच नव्हता. सगळा घोळ तिथून झाला.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. माझ्या पिशवीत गाठ होती. पाळी आली की थांबता थांबायची नाही. बाजारात पोत्याची घडी घालून तिच्यावर बसायची मी, तोंड पांढरंफटक. रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवी काढावी लागेल. पण पोट नाही कापायचं, खालूनच काढते. रक्त कमी जातं. तुझ्या अंगात सांडायला रक्त आहेच कुठे?"

आधी लोहाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं देऊन त्यांनी मला जरा उभी केली. मग म्हणाल्या, रक्ताची एक बाटली हाताशी हवी. नवरा होडीवर. दीर म्हणाला, "रक्त दिलं तर जाळं काय तुझा बा ओढणार?" वा रे मर्द! शेवटी मिरजोळ्याच्या कारखान्यातून माझा भाऊ आला आणि त्याने मुकाट्याने हात पुढे केला.

कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं, पण कान शाबूत होते. बाई नर्सला समजावत होत्या, आधी औषध टोचायचं, त्याने शिरा आकसतात. मग शीर बांधायची, आणि बांधल्यावरच कापायची. घाई कामाची नाही. मी विचारलं, "किती गेलं ओ?"

"वाटीभर. गप पडून राहा."

भावाची बाटली लागलीच नाही. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

निघताना बाईंनी बजावलं, तीन महिने जड उचलायचं नाही. आतला टाका सुटला तर आतून रक्त जायला लागेल.

घरी आले. बायका जमल्या, पदर सरकवला आणि एकमेकींची तोंडं बघायला लागल्या.

"टाका कुठाय गो?" सासू म्हणाली.

"आत आहे."

"बाटली तरी लावली?"

"नाय."

"मग तुला झालं काय? उद्यापासून पाटी घे."

म्हणजे बघा! रक्त वाचलं हाच माझा गुन्हा. पोट फाडून, बाटल्या लावून आले असते तर लाडाने पेज भरवली असती. माझं टाळकंच फिरलं.

"आये, माझं रक्त माझ्या अंगात राहिलंय. तुम्हाला दाखवायला मी ते सांडणार नाय. घराबाहेर काढलंत तरी पाटीला हात लावणार नाय!"

सासूने शिव्यांची लाखोली वाहिली. बायका मला नाटकी म्हणाल्या. नवरा होडीवरून आला, त्यालाही मी तेच ऐकवलं. ओटीवर बसून जाळी शिवली, पण पाटी नाही उचलली म्हणजे नाही. सासूच ती घेऊन बाजाराला जायची आणि जाता-येता मला टोमणे मारायची.

एका दुपारी ती आली, पाटी उतरवली आणि भिंतीला टेकून उभीच राहिली. तिला बसवत नव्हतं. दाराकडे बघत हळूच म्हणाली, "खरंच पोट कापत नाय?"

"नाय."

"माझं अंग बाहेर येतं गो. धाकट्याच्या बाळंतपणापासून."

धाकटा म्हणजे तोच, जाळं ओढणारा माझा दीर. इतकी वर्षं ही बाई ती खाली उतरलेली पिशवी सावरत डोक्यावर पाटी वाहत होती, आणि सुरीच्या भीतीने कुणाला बोलली नव्हती. माझे डोळे भरून आले. पण मी तिला सोडलं नाही.

"उद्याच नेते तुम्हाला. पण आये, तुमचाही टाका दिसणार नाय. मग पाटी कोण घेणार?"

सासूने पाटीकडे बघितलं, मग बंदराकडे.

"घेतील मेले माझे दोघे मुलगे," ती म्हणाली.