शर्यतीच्या मैदानातलं हिरवं गवत

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही मेंढरं घेऊन हिंगोलीला गेलो. जुन्या छावणीमागचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान ओस पडलं होतं. पहारेकरी गेले, काटेरी तार लोकांनी उचलून नेली. सगळा मुलूख वाळलेला आणि मैदानाच्या मधोमध मात्र हिरवंगार गवत. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! माझा बा तर नव्या नवऱ्यासारखा खुलला.

पडक्या तबेल्यात एक म्हातारा मोतद्दार राहायचा. घोडे गेले, हा राहिला. त्यानं मला सगळं फिरवून दाखवलं: साहेबलोक बसायचे तो चौथरा, घोडे सुटायचे ती जागा. मधल्या हिरवळीपाशी आला आणि थांबला. पुढं पाऊल टाकेना.

"उधर नक्को चराव बेटी," तो म्हणाला. एका साली शर्यतीचे घोडे उभ्या उभ्या कोसळले होते, नाकातून काळं रक्त. तिथंच चुना टाकून पुरले. एकानं लोभानं एका घोड्याचं कातडं सोललं. त्याच्या हातावर फोड आला, मधोमध काळा. दुखत नाही, दुखत नाही म्हणत हिंडला आणि मेला. खड्ड्यांभोवती खुणेचे दगड होते, ते लोकांनी हल्लीच घरं बांधायला नेले होते.

मी धावत जाऊन बाला सांगितलं. बा हसला. "घोड्याचं दुखणं मेंढराला लागत न्हाई. म्हातारा गवत राखायलाय कुनासाठी तरी."

"ऐका की वो पोरीचं," माय म्हणाली. पण मेंढरांतलं आपल्याला लय कळतं, हा बाचा ताठा. त्यानं कळप आत घातला.

दोन-तीन दिवस काही झालं नाही. सगळे मलाच चिडवू लागले. मग एका सकाळी आमचा म्होरक्या एडका मरून पडला होता. पोट फुगलेलं, नाकाशी काळं रक्त. बानं कळप तेव्हाच बाहेर हाकलला, तेवढं मानलं. पण म्होरक्या मेला की त्याचं कातडं देवाच्या ढोलाला चढवायचं, ही आमच्या घरची रीत. मी ओरडले, "बा, हात नगं लावूस!" बानं डोळे पुसले आणि सुरी काढली.

आम्ही जिंतूरच्या वाटेला लागलो. एका मुक्कामी मी भाकरी वाढत होते. बानं हात पुढं केला. मनगटावर फोड होता, मधोमध काळा. माझ्या हातातली भाकर गळून पडली.

"अगं येडे, भितीस कशाला?" बा हसून म्हणाला. "जरा बी दुखत न्हाई."