सुताचा अंबाडा

कॅन्सरच्या औषधांनी माझे केस गेले, तेव्हा पुतणीच्या लग्नाला जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं. जाऊबाईंना ते पटेना. त्या मला ओढतच शाहूपुरीत एका बाईंकडे घेऊन गेल्या. त्या बाई सुताचे केस करायच्या.

कानामागे क्रोशाची सुई खोचलेली, नखं काळी झालेली. हिरड्याच्या काढ्यात भिजवलेलं सूत गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात बुडवलं की असा काळा रंग चढतो, असं त्यांनी दोरीवरच्या लडी दाखवत सांगितलं. बोलता बोलता माझा रुमाल सोडला आणि ब्लाउजचं माप घ्यावं तितक्या सहज डोक्याला टेप लावली. मला लाजायला वेळच मिळाला नाही.

"येणी घालत हुतासा का अंबाडा?"

"अंबाडा. मानेवर, सैलसर."

"मग तसाच बांधू की."

मी म्हटलं, सूत अगदी काळंभोर घ्या. त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला आणि राखाडी लडीतले चार धागे माझ्या कानशिलापाशी धरले.

"वय हाय तेवढं दिसू दे की. तुमी काय नवरी न्हाईसा."

जाऊबाई फिसकन हसल्या. मग मीही हसले, कितीतरी महिन्यांनी.

लग्नात मांडवाच्या दारातच एका लांबच्या मावशींनी मला गाठलं. "अगं, केस पिकले की तुझे," त्या म्हणाल्या.

"व्हय मावशी, वय झालं," मी म्हटलं आणि ताठ मानेनं अक्षता घ्यायला पुढे गेले.