विमानाचे पाय धुतले तेव्हा

विमानाच्या तापलेल्या चाकावर तांब्याभर पाणी ओतणारी कोल्हापुरातली पहिली शहाणी मीच. परवा जोतिबाचा घाट उतरताना एसटीच्या ब्रेकचा करपट वास आला आणि ते आठवलं. सासरे गावाबाहेरच्या धावपट्टीवर राखणदार होते. लग्नाला महिना झालेली मी त्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उन्हातून तीन मैल चालत गेले, तेवढ्यात एक छोटं विमान उतरलं. दारात आलेल्या पावण्याच्या पायावर पाणी घालायचं, एवढंच मला ठाऊक. म्हणून चाकावर घातलं. चर्रकन वाफ उठली. विमानातून उतरलेल्या मेकॅनिकनं तांब्या हिसकावला. म्हणाला, तापलेल्या ब्रेकच्या चकतीवर गार पाणी पडलं की तिला तडा जातो, मग पुढच्या वेळी विमान थांबायचं कसं? आता आपली नोकरी गेली, असं म्हणत सासरे मटकन खाली बसले. चकती निवेपर्यंत तासभर आम्ही विमानाच्या सावलीत बसून राहिलो. मग त्यानं आडवं पडून ती बोटांनी चाचपली. तडा नव्हता. आता माझेच गुडघे कुरकुरतात, पण कपडे झटकत तो थकल्या आवाजात बोलला ते अजून कानात आहे: "वैनी, चाकाला पाणी पाजलंसा, पण सकाळधरनं मी तान्हेला हाय, मला कुणी घोटभर इचारलं न्हाई की."