तीन नंबर आणि मानोंग तेर्यो

आमच्या बेटावरच्या वीजघरात चार डिझेल इंजिनं. त्यातलं तीन नंबर म्हणजे हट्टी म्हातारं. ऐकायचं ते फक्त मानोंग तेर्योंचं. मानोंग म्हणजे आमच्याकडे थोरला दादा. सुरू करायचं बटण दाबताना डिझेलचा पितळी खटका अंगठ्याने जरासा उचलून धरायचा. जरासा म्हणजे किती, हे त्यांच्या अंगठ्यालाच ठाऊक. बारा वर्षांत ते एकदाही अडलं नाही. नोंदवहीत रोज त्यांच्या सुबक अक्षरात तेच: ‘तीन नंबर: तयार.’

त्या अक्षरानेच त्यांना बांधून ठेवलं. बायको लुर्दिंग दूर इलोइलो शहरात बहिणीकडे, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. बदलीचा अर्ज मंजूर होता, पण नवं इंजिन आल्याशिवाय त्यांना सोडणार नव्हते. आणि वरचे साहेब नोंदवह्या चाळून म्हणायचे, तुमचं बेट वर्षातून जेमतेम चार तास अंधारात असतं, नवं इंजिन हवंय कशाला?

मग मनिलाहून सालुद बाई आल्या. वीजघर किती भरवशाचं, ते ठरवणं हेच त्यांचं काम.

"बाई, तीन नंबरचा काही भरवसा नाही," मानोंग म्हणाले. "मी आहे म्हणून चालतं ते."

"मग तुम्ही बाजूला व्हा. हा सुरू करेल. अडलं, तर नव्या इंजिनाची शिफारस मी आजच लिहिते."

‘हा’ म्हणजे मी, तिनोय, मानोंगच्या हाताखालचा. मानोंग हात मागे बांधून उभे राहिले. त्यांची ट्रंक महिनाभर भरून ठेवलेली होती. बाई आमच्याकडे पाठ करून मीटरच्या काट्यांवर नजर ठेवून होत्या.

मी बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं, खोकलं, आता मरणार एवढ्यात मानोंगचा हात सुटला आणि अंगठा खटक्याला लागला. इंजिन धडधडू लागलं. बाई वळल्या तेव्हा हात पुन्हा मागे गेला होता. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"तू एकट्याने केलंस?" बाईंनी मला विचारलं.

मानोंग माझ्याकडे बघत होते. माझे सौदीच्या नोकरीचे कागद आले होते. नवं इंजिन येऊन मानोंग गेले तर त्यांच्या जागी मलाच डांबणार, हे मला पक्कं माहीत होतं.

"हो, बाई."

बाईंनी कागदावर ‘भरवशाचं’ असा शिक्का मारला.

दुपारी भात आणि सुकी मासळी घेऊन आम्ही इंजिनाशेजारी बसलो. मला लाज वाटत होती.

"तुम्ही का नाही बोललात, मानोंग?"

"ते मरायला लागलं रे. हात गेला. आणि मग ते चालू असताना, त्याच्यासमोर ते नादुरुस्त आहे असं माझ्या तोंडून निघेना." त्यांनी मासळीचा काटा काढला. "मला वाटलं, तू तरी बोलशील."

मग नोंदवही ओढून त्यांनी त्या दिवसाची ओळ लिहिली: ‘तीन नंबर: तयार.’ अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.