चुना वाळेपर्यंत

“थांब गणपत! कुंचा खाली ठेव आधी!”

गणपत मुकादम मोरीच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, भिंतीवर पुन्हा चुना मारायला निघाला होता. साहेबांची जीप यायची वेळ झाली होती आणि आदल्या संध्याकाळी त्याने पांढरीशुभ्र केलेली भिंत सकाळी चिरलेली दिसत होती. केसाएवढी काळी रेघ. कठड्यापासून निघून थेट नाल्याच्या पाण्यापर्यंत गेलेली.

“म्या चांगला दाट मारला होता, साहेब,” तो रडवेला झाला. “भिंतच तडकून राह्यली तं म्या काय करू? एक हात मारतो, कोनाले दिसनार नाही.”

मला दिसलं होतं.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि जिल्हा परिषदा त्याहून नव्या. खेड्यापाड्यांचे रस्ते तोवर सरकारी बांधकाम खातं सांभाळायचं. ते आता परिषदेकडे सोपवायचं ठरलं. सोपवायचं म्हणजे दोन्हीकडच्या इंजिनियरांनी रस्त्यावरून सोबत फिरायचं, काय धड आणि काय मोडकं ते पाहायचं आणि सह्या करायच्या. आम्ही त्याला जॉइंट इन्स्पेक्शन म्हणायचो. खरं तर तो बैलबाजारच. देणारा म्हणणार, बैलात काही खोड नाही. घेणारा दात मोजत बसणार.

मी ओव्हरसियर होतो. इंजिनियर आणि गँग यांच्या मधला माणूस. गँग म्हणजे रस्त्यावर खडी-मुरूम टाकणारे मजूर, आणि गणपत त्यांचा मुकादम. रस्त्याबरोबर मीही परिषदेकडे जाणार होतो. सरकारी खात्याने मला आदल्या दिवशीच रिलीव्ह केलं होतं, आणि परिषदेत हजर व्हायचं होतं सह्या झाल्यानंतर. म्हणजे त्या दिवशी मी कुणाचाच नोकर नव्हतो. शहाणा माणूस असे दिवस चहा पिऊन काढतो.

मोरी धाड या बाजाराच्या गावाकडे जाणाऱ्या एका आतल्या रस्त्यावर होती. मोरीशेजारच्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक मला अजून ओळखतात. दगडी कमान, इंग्रजांच्या वेळची. अशी कमान दोन भिंतींवर टेकलेली असते. त्यांना अ‍ॅबटमेंट म्हणतात. भिंत हलली की कमान गेली. इथल्या एका भिंतीला जुनी चीर होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. कुणीतरी कधीतरी त्यात सिमेंट भरलं होतं. जुन्या चिरेचा प्रश्न एवढाच असतो की ती मेलेली आहे की जिवंत. मेलेली चीर म्हातारीच्या सुरकुतीसारखी, काही बिघडवत नाही. जिवंत चीर रोज थोडी उघडते. ते ओळखायला इंजिनियर चिरेवर काचेची पट्टी बसवतात. पट्टी फुटली तर भिंत हलते आहे.

आमच्याकडे काच नव्हती, पण आमच्या खात्याची एक चाल होती. साहेब येणार म्हटलं की मैलाचे दगड, कठडे, मोरीच्या भिंती सगळं चुन्याने पांढरं करायचं. गणपतने संध्याकाळी चीर पुरती झाकून टाकली होती. तीच चीर सकाळी पुन्हा वर आली होती.

मी धोतर खोचून नाल्यात उतरलो. पावसाळा सरत आला होता, पाणी गुडघाभर. भिंतीच्या पायाशी हात घातला तर तो कोपरापर्यंत आत गेला. दगडाखाली माती नव्हतीच, पाणीच पाणी. वर आलो तेव्हा गणपत म्हणाला, “साहेब, आज धाडचा बजार हाय.”

मला आठवण द्यायची गरज नव्हती. बाजाराच्या दिवशी एस.टी. टपापर्यंत भरून येते. टपावर टोपल्या, आत माणसं, माणसांच्या मांडीवर पोरं. ती गाडी याच मोरीवरून जायची होती.

आधी जीप आली. आमचे डेप्युटी इंजिनियर उतरले, हे पुण्याकडचे. त्यांच्यामागून परिषदेचे नवे इंजिनियर. मी धावत पुढे गेलो.

“साहेब, मोरी हलते आहे. रस्ता बंद करावा लागेल.”

“वानखडे, ही चीर मी इथं बदलून आलो तेव्हाही होती.”

“पण चुना काल संध्याकाळी लावलाय. आज त्याला तडा आहे. पायाखाली पोकळीही आहे.”

“जुन्या मोरीखाली थोडीफार पोकळी असतेच. आणि चुना वाळला की तडकतो. घरी कधी भिंत रंगवली नाही का?”

हे खोटं नव्हतं, तीच पंचाईत. दाट चुना वाळताना तडकतो, आणि गणपत तर दाट मारल्याची बढाई मारत होता. मला वाटलं, आपण उगाच बोंब मारतोय की काय.

परिषदेचे इंजिनियर दोन पावलं मागे सरकले. “मोरी धोक्याची असेल तर मी सही करणार नाही. आधी दुरुस्त करून द्या.”

“धोक्याची नाहीच,” आमचे साहेब म्हणाले.

“मग रस्ता चालू राहू द्या.”

“राहू द्या की. बंद करायचा अधिकार मला कालपर्यंत होता.”

“मला सही झाल्यावर येईल.”

दोघेही सभ्य होते, दोघांचंही नियमाने बरोबर होतं. तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला.

मी गँगच्या सामानातली लाल झेंडी उचलली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. गाडी करकरत थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

“काऊन थांबवली बे, गनपत? परवा तं गेलो ना मी इथून!”

गणपतने माझ्याकडे बोट दाखवलं. मी मोरीचं सांगितलं. खिडकीतून एक बाई कडाडली, “माही मेथी सुकून राह्यली! तुमची मोरी पडन तवा पडन, आमचा बजार आज हाय!” तिने पुढे माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो इथे देत नाही.

“वानखडे,” साहेबांनी हळू आवाजात विचारलं, “गाडी कुणाच्या हुकमाने अडवलीत?”

घरी बायको, म्हातारे आईवडील, आणि माझी नोकरी दोन खात्यांच्या मध्ये लोंबकळत होती. मला मोरी पडायची भीती वाटत होती. ती पडली नाही तर काय, याचीही वाटत होती.

“साहेब, थोडा वेळ द्या,” मी म्हणालो. “चुना तडकतो म्हणता ना? मग दोन ठिकाणी लावू. एक ठिगळ चिरेवर, एक बाजूच्या धड दगडावर. चुना तोच, हात तोच, ऊन तेच. दोन्ही तडकली तर गाडी सोडा आणि माझ्यावर काय करायचं ते करा.”

साहेबांनी घड्याळात पाहिलं. मी तोच होकार धरला.

गणपतने तळहाताएवढी दोन ठिगळं लावली, या वेळी पातळ. ऊन चांगलं तापलं होतं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. अख्खी गाडी खाली उतरून नाल्याच्या काठावर चुना वाळताना पाहू लागली. गर्दी पाहून गावाचे सरपंच नामदेवराव शेतातून आले, हातात विळा तसाच. त्यांनी गणपतला विचारून घेतलं आणि उकिडवे बसले.

चुना वाळायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र तो वाळतच नव्हता. आधी कडा पांढऱ्या झाल्या, मग मधला भाग. दोन्ही ठिगळं वाळली. दोन्ही कोरी!

“झालं समाधान?” साहेब म्हणाले. ड्रायव्हर गाडीत चढला, इंजिन सुरू झालं. मेथीवालीने टोपली उचलली. झेंडी खाली करावी म्हणून हात हलवला, पण तो खाली येईना.

“साहेब!” गणपत ओरडला.

चिरेवरच्या ठिगळात खालच्या बाजूने एक रेघ उमटली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती वर सरकली आणि ठिगळ पार करून गेली. शेजारचं ठिगळ जसंच्या तसं होतं.

मग आमचे साहेब म्हणाले, “मी बुलढाण्याला जाऊन एक्झिक्युटिव्ह इंजिनियरांच्या कानावर घालतो.” परिषदेचे इंजिनियर म्हणाले, “मी तर आता सही करूच शकत नाही.” आणि गाडी घुरघुरत तशीच उभी होती.

नामदेवराव उठले. “साहेब, एक इचारू? आज रस्ता कोनाचा हाय?”

दोन्ही साहेब एकमेकांकडे पाहू लागले.

“कोनाचाच नसन तं मंग गावाचा,” असं म्हणून त्यांनी गड्यांना हाक मारली. बांधावरच्या बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, ओढत आणून मोरीच्या दोन्ही तोंडांशी आडव्या टाकल्या. आमच्याकडे वाटेवर बोराटी पडली की वाट बंद. ती ओलांडणं म्हणजे भांडण विकत घेणं, हे लहान पोरालाही कळतं. ड्रायव्हरने मला कारण विचारलं होतं. बोराटीला काही विचारलं नाही. मुकाट्याने गाडी वळवली. लोक वरच्या अंगाने, उथळ पाण्यातून पायी धाडला गेले. मेथीवाली जाताना उरलेल्या शिव्या देऊन गेली.

साहेब लोकही गेले. मी मैलाच्या दगडावर बसून राहिलो. मोरी मजेत उभी होती. येणारे-जाणारे विचारायचे, “काय ओव्हरसियर साहेब, पडली काय?” दुपार गेली तशी माझी खात्री पातळ होत गेली.

दिवस कलताना नाल्याला गढूळ पाणी आलं, वर कुठेतरी पाऊस पडला असावा. फार नव्हतं, मांडीएवढं. भिंत खाली बसली, अगदी शांतपणे, दमलेला माणूस बसतो तशी. मग कमानीचे दगड एकामागून एक पाण्यात गेले. पांढरा कठडा शेवटी गेला.

पलीकडच्या काठावर बाजाराहून परतलेले लोक उभे होते. त्यात रिकामी टोपली घेऊन मेथीवाली. तिने तिकडूनच आवाज दिला, “ओव्हरसियर, सकाळच्या शिव्या वापस घेतो मी!”

मी हसलो आणि डोळे पुसले.

पुढे दोन्ही कार्यालयांनी मला विचारलं, रस्ता कुणाच्या हुकमाने बंद केला? मी उत्तर दिलं, गावाच्या. त्यांनी सरपंचांना विचारलं. नामदेवराव म्हणाले, “बोराटीले इचारा.” प्रकरण तिथेच निवलं. रस्ता परिषदेकडे गेला, पण मोरी वगळून. त्यामुळे अलीकडचा रस्ता परिषदेचा, पलीकडचा परिषदेचा आणि मधलं भगदाड सरकारचं, असा कारभार काही काळ चालला.

मला परिषदेत हजर करून घेतलं. त्यानंतर नोकरीभर मी पावसाळ्यात माझ्या मोऱ्यांना चुना मारून घ्यायचो, साहेब येवो न येवो, आणि सकाळी उठून रेघ शोधत फिरायचो. गँगमधले म्हणायचे, या ओव्हरसियरला पांढऱ्याचं येड लागलं. लागलं होतंच. नव्या पोरांना मी एवढंच सांगायचो: चुना आधी मारा, सह्या होत राहतात.