पणजोबांची किटली

आमच्या गावच्या बाप्टिस्ट चर्चचा इतिहास मी एका शनिवारी सकाळी चिंच-मीठ लावून घासला.

गाव म्हणजे स्टुटगार्टपासून तासाभरावर, दोन बेकऱ्या आणि तीन चर्चचं. अकरा घरमालकांनी ‘लायडर’ म्हणून (म्हणजे ‘खेद आहे’, पण खेद अजिबात नसतो!) कटवल्यावर बाराव्या फ्राऊ वेबरनी आम्हाला वरचा मजला दिला. त्या खाली राहतात, चर्चच्या जुन्या वस्तू सांभाळतात आणि आमचा कचरा कुठल्या डब्यात पडतो तेही बघतात. करार संपत आला होता. तो वाढवायचा की नाही, हे त्या सोमवारी सांगणार होत्या. आणि शुक्रवारी त्या तांब्याची एक काळीकुट्ट किटली घेऊन वर आल्या.

“हेर देवधर, हँडल डुगडुगतंय. तुम्ही इंजिनिअर ना?”

(मी कॉम्प्युटरवर गिअरबॉक्स काढतो. पाना शेवटचा कॉलेजात धरला होता.) पण कराराच्या धास्तीने म्हणालो, “गेनाऊ!” म्हणजे ‘अगदी बरोबर!’

किटलीची कथा गावाला पाठ. हे चर्च फ्राऊ वेबरच्या पणजोबांनी स्थापलं. पहिला बाप्तिस्मा ऐन थंडीत नदीत झाला. बाप्टिस्ट लोक चार थेंब शिंपडून भागवत नाहीत, मोठ्या माणसाला अख्खा बुडवतात. कुडकुडत बाहेर आलेल्यांना पणजोबांनी याच किटलीतून गरम चहा पाजला. दारूच्या तर ते वाऱ्यालाही उभे राहत नसत. रविवारी दहाला चर्चमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, आणि मधोमध ही किटली!

शनिवारी माझी बायको मंजिरी लेकीला घेऊन बाजारात गेली. हँडलचा स्क्रू दोन मिनिटांत घट्ट झाला आणि मला चेव चढला. पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला.

“अगं बाई, काय ही अवस्था! दुसऱ्याचं भांडं असं परत देतात का? चिंच-मीठ लाव.”

पाऊण तासात किटलीत माझं तोंड दिसायला लागलं. तेवढ्यात मंजिरी दारात!

“कढई तीन दिवस सिंकमध्ये भिजतेय, ती नाही दिसली तुला?”

लेक किंचाळली, “पापा, दास वार डॉख पाटिना!”

पाटिना म्हणजे तो काळा थर, तेच किटलीचं वय, आणि लोक तेच बघायला येतात, असं शाळेत शिकवलं होतं म्हणे. मी वयच धुऊन टाकलं होतं! डोळ्यांपुढे सोमवार, सामानाची खोकी आणि तेरावा घरमालक. तेवढ्यात बेल वाजली.

फ्राऊ वेबर! मी किटली पाठीमागे लपवली. एवढी चकचकीत वस्तू लपते थोडीच!

“ही... माझ्या आईने...” मी म्हणालो. (आई पुण्यात. खोटं बोलायलाही अक्कल लागते!)

त्यांनी किटली हातात घेतली, चष्मा लावला, तळ निरखला आणि मटकन खुर्चीत बसल्या. काळ्या थराखाली इतकी वर्षं दडलेली अक्षरं मी घासून वर काढली होती. गावातल्या जुन्या बिअरगृहाचं नाव, आणि खाली, ‘बाहेर नेऊ नये.’

म्हणजे पणजोबा तिथे गेलेही होते, आणि येताना किटली उचलूनही आले होते!

“हे कुणी कुणी पाहिलंय?” त्यांनी दाराकडे बघत विचारलं.

“आम्ही तिघांनीच.”

“हेर देवधर, ही पुन्हा काळी होईल?”

मी मंजिरीकडे पाहिलं. ती रसायनशास्त्रात पीएचडी करतेय. “अंडी उकड,” ती म्हणाली. “अंड्यातल्या गंधकाने तांबं काळं पडतं.”

डझनभर अंडी उकडून, कुस्करून किटलीसकट डब्यात बंद केली. घरभर असा वास सुटला की लेक जॅकेट घालून बाल्कनीत जाऊन बसली. दर अर्ध्या तासाने फ्राऊ वेबर नाकाला रुमाल लावून वर येत. “झाली?” “अजून चॉकलेटीच आहे!” संध्याकाळपर्यंत अक्षरं बुजली, तेव्हा कुठे त्या धड बसल्या.

रविवारी पास्टरनी चहाची कथा सांगितली. लोक भक्तिभावाने किटलीवर वाकले आणि त्याहून लगबगीने मागे सरले. पास्टरनी सगळ्या खिडक्या उघडल्या. पण कुणी काही वाचलं नाही.

सोमवारी फ्राऊ वेबर सही केलेला करार घेऊन आल्या, चक्क पाच वर्षांचा! माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “इतकं सुंदर काळं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.”

भांडं खराब केल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच माझं कौतुक होत होतं. मंजिरी म्हणाली, “त्यात नवल काय? रोजचा सराव आहे!”