मागच्या पायरीवरचं दूध

आमच्या गावच्या डेअरीत दूध गार करायची मोठी स्टीलची टाकी होती. तिला आम्ही कूलर म्हणायचो. सकाळ-संध्याकाळ गावाचं दूध त्यात पडायचं आणि नंतर टँकर येऊन घेऊन जायचा. पुढं लाइट रोज जायला लागली तसं टाकीतलं दूध नासायला लागलं. तेव्हा चेअरमननी कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातला डिझेलचा जनरेटर आणला आणि डेअरीच्या मागच्या खोलीत बसवला. यंत्र आमच्या गरजेपेक्षा फार मोठं होतं. चालू झालं की भिंती हादरायच्या. नारळ फोडला, पेढे वाटले. मलाही मिळाला एक.

आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. आम्ही बौद्ध. सासऱ्यांच्या पिढीनं दीक्षा घेतली, पण गावाच्या डोक्यातला ओढा काही बुजला नव्हता. वस्तीवरून डेअरीवर दूध घालणारी तेव्हा मी एकटीच. टोमॅटो तोडायला जाऊन जाऊन एक जर्शी गाय घेतली होती. मालक पुण्याला वॉचमन होते, महिन्यातून एकदा यायचे. गाय माझीच. पारगावच्या कारखान्याला ऊस जायला लागला की फडात जाऊन उसाचं वाढं आणायचे आणि तिला घालायचे. दूध चांगलं द्यायची. पण ते दूध डेअरीनं घेतलं तरच गाय परवडणार. गावात घरोघर आमचं दूध कोण घेणार? डेअरी बंद झाली तर गाईला बाजार दाखवायचा, दुसरा मार्ग नव्हता.

वस्तीवरची पायवाट डेअरीच्या मागच्या अंगाला निघते. मी तिथं पायरीवर किटली ठेवायचे, किटलीच्या तोंडाला पातळ फडकं बांधायचे आणि पुढच्या ओट्यावरची रांग संपायची वाट बघायचे. रांगेत शेवटी राहा असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सासू पाण्याला शेवटी उभी राहायची, मी दुधाला शेवटी उभी राहिले. झाकण का नाही लावलं असं आता वाटेल. ताज्या धारेच्या दुधावर झाकण लावलं की दूध कोंदतं, असं आम्ही सगळ्याच जणी मानायचो. सगळ्यांच्याच किटल्यांना फडकी असायची.

जनरेटर आल्यावर थोड्याच दिवसांत सेक्रेटरीनं माझी किटली नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, वास येतोय."

"कसला?"

"रॉकेलचा. रॉकेलच्या हातानं धार काढलीत का?"

मी दूध परत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी हात साबणानं तीनदा धुतले. तरी वास. संध्याकाळचं दूध मात्र बिनबोभाट घेतलं जायचं. त्याचं उत्तर लोकांनी लगेच काढलं. सकाळी चूल पेटवायला रॉकेल लागतं, संध्याकाळी चूल धगधगतच असते, म्हणून सकाळच्याच दुधाला वास. ऐकायला बरोबर वाटायचं. मलाही वाटलं. मी चूल पेटवायचं काम मुलीकडे दिलं आणि रॉकेलचा डबा गोठ्यापासून लांब नेऊन ठेवला. वास गेला नाही.

कोणी तोंडावर वाईट बोललं नाही. "भांडी नीट घासत जा," एवढंच म्हणायचे. पण ते वाक्य फक्त मलाच म्हणायचे. शेवटी सेक्रेटरी म्हणाला, "मावशी, तुमच्या एका किटलीपायी टाकीभर दूध परत आलं तर चेअरमन मला घरी बसवतील. या महिन्यात सुधारलं तर बघू, न्हाईतर दूध बंद करावं लागंल." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या नाकाला वास येत होता हेही खरं होतं.

मी घोडेगावला बाजाराला गेले तेव्हा एका व्यापाऱ्याला गाईचा भाव विचारून आले. नुसता विचारला.

आता आळेकरणीचं सांगते. तिचं माहेर आळ्याचं, म्हणून सगळं गाव तिला आळेकरीण म्हणायचं. घर बागायतदाराचं, दीर डेअरीवर डायरेक्टर, आणि तोंड असं की देव्हाऱ्यातल्या देवानंही कान झाकावेत. खुरपणीला आम्ही एका रानात पुष्कळ वेळा बसलो होतो, पण मैत्री म्हणावी असं काही नव्हतं. माझं माहेर घोडेगावचं, म्हणून ती मला घोडेगावकरीण म्हणायची.

पुढच्या महिन्यात लाइट जायची वेळ बदलली. सकाळी लाइट राहायला लागली आणि संध्याकाळी जायला लागली. आणि माझं सकाळचं दूध पास व्हायला लागलं, संध्याकाळचं परत. सेक्रेटरी नुसताच डोकं खाजवत राहिला. मी किटली उचलून निघाले तर ओट्यावरून आळेकरीण ओरडली,

"का गं घोडेगावकरणी, आता काय संध्याकाळी रॉकेल पितीस व्हय?"

बाया हसल्या. मी म्हटलं, "पिते. तुला पायजेल का घोटभर?"

ती हसली नाही. ओट्यावरून उतरून मागं आली. माझी किटली जिथं असायची तिथं पायरीवर उभी राहिली. खोलीत जनरेटर घरघरत होता आणि त्याचा पाइप भिंतीतून नेमका पायरीवर निघाला होता. पाइपाच्या तोंडाला काळं तेलकट ओघळलं होतं. मी रोज तिथं उभी राहायचे, मला तो पाइप दिसत होता, वासही येत होता. पण वासाचं गाऱ्हाणं आपल्यावर आलं की माणूस आपलेच हात हुंगत बसतं. भिंतीतून आलेलं काही हुंगायचं सुचत नाही.

आळेकरीण म्हणाली, "उद्या तू माझ्या जागंवर उभी ऱ्हा. मी हितं उभी ऱ्हाते."

"तुझं दूध परत आलं म्हंजे?"

"येऊ दे. माझी म्हस काय रडणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुढच्या ओट्यावर उभी राहिले. दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हातारी जरा सरकून उभी राहिली. मी हलले नाही. माझा नंबर आला, सेक्रेटरीनं किटली हुंगली, पुन्हा हुंगली, आणि दूध मापात ओतलं.

आळेकरीण सगळ्यात शेवटी मागून आली. तिनं किटली टेबलावर ठेवली. सेक्रेटरीनं नाक जवळ नेलं आणि मागं घेतलं. तिच्या दिराचं तोंड त्याला समोर दिसत असणार.

"काकी, जरा..."

"जरा काय?"

"जरा वास... किरकोळ हाय. चालंल."

"चालंल कसं? हिचं न्हाई चाललं. नीट हुंग अन् सांग. भांडी घासू का?"

ओट्यावर कोणी हसलं नाही. सेक्रेटरीनं खाली मान घालून दूध परत दिलं. आळेकरणीनं ती किटली तशीच उचलली, चेअरमनच्या घरी गेली आणि त्यांच्या हातात दिली. म्हणाली, "चहा करून प्या अन् मग सांगा दोष कुणाचा हाय ते."

चेअरमननी चहा केला की नाही माहीत नाही. पण दोन दिवसांत आळेफाट्यावरून मेकॅनिक आला. "माझ्या म्हायारचं पावणं हाय, चहा पाजा," असं आळेकरणीनं त्याला येतानाच ऐकवलं. तो बोलघेवडा होता. यंत्र उघडेपर्यंत त्यानं तिघांची सोयरीक जमवायला घेतली होती.

हवा जायची जाळी त्यानं काढून झटकली तर त्यातून पेंडीचा भुसा पडला. शेजारच्याच खोलीत पेंडीची पोती होती, त्यांची धूळ यंत्र ओढत होतं. डिझेल उडवणारं नोझल गळत होतं, ते त्यानं बदललं. मग त्यानं विचारलं, "हा चालवता कसा?"

चेअरमन अभिमानानं म्हणाले, "काटकसरीनं. दूध घेताना नुसता एक बल्ब, वजनकाटा अन् फॅटचं मशीन. कूलर शेवटी, सगळं दूध आल्यावर. तोवर जनरेटरवर बोजाच टाकत न्हाई. डिझेल वाचतं."

मेकॅनिक हसला. "वाचत न्हाई राव, पाइपातनं बाहेर पडतं. एवढा मोठा बैल दिवसभर दावणीला बांधून वैरण टाकत बसलात तर त्याला पचणार कशी? ह्याला काम पायजेल. काम दिलं की इंजिन तापतं, तापलं की डिझेल नीट जळतं. बिनकामाचा चालला की अर्धं कच्चंच बाहेर येतं. तोच तुमचा रॉकेलचा वास."

हे मात्र तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. बांधलेल्या बैलाचं पोट फुगतं हे कुणाला माहीत नाही? चेअरमनही हेकट माणूस नव्हते. म्हणाले, "म्हंजे मीच धूर करत व्हतो की." मला त्यांचं ते बोलणं आवडलं. पुष्कळ माणसांना एवढंही म्हणता येत नाही.

तेव्हापासून रीत बदलली. आधी हातानं मापून दूध घ्यायचं, फॅट बघायला प्रत्येकीच्या दुधाचं थोडं थोडं बाटलीत काढून ठेवायचं. टाकीत पुरेसं दूध पडलं की जनरेटर लावायचा, आणि लावला की कूलर, बल्ब, फॅटचं मशीन सगळं एकदमच. काम झालं की बंद. पेंडीची पोती दुसरीकडे हलवली. पाइप वाढवून छपराच्या वर नेला. जनरेटर आधीपेक्षा कमी वेळ चालायला लागला आणि डिझेलचा बॅरल जास्त दिवस पुरायला लागला. सुरू होताना थोडा काळा धूर यायचाच, मग पाइपाच्या तोंडावर नुसती हवा थरथरताना दिसायची. मागची भिंत चुन्यानं पांढरी केली, ती बरीच वर्षं पांढरी राहिली. माझं फडकंही. मी त्याच्या तेलकटपणाचा दोष उगाच साबणाला देत होते.

दूध बंद झालं नाही. गाय राहिली. तिची कालवड झाली, पुढं कालवडीचीही कालवड झाली. मुलगी तिच्याच दुधावर शिकली असं मी म्हणत नाही, ती तिच्या अकलेवर शिकली. पण एसटीचा पास दुधावरच निघायचा.

मी परत मागच्या पायरीवर गेले नाही. मागं आता धूर नव्हता, उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण आता ज्या वेळी पोचायचे त्या वेळी पुढच्या ओट्यावर रांगेत उभी राहायचे. सरकणारी म्हातारी काही दिवस सरकली, मग कंटाळली. नंतर वस्तीवरून आणखी तिघी दूध घालायला लागल्या, त्या पहिल्या दिवसापासून ओट्यावरच उभ्या राहिल्या. त्यांना मागची पायरी माहीतच नाही.

आळेकरणीचे उपकार मानायला मी एकदा गेले. म्हणजे तसं म्हटलं नाही. गाय व्यायली तेव्हा चिकाचा खरवस केला, वेलदोडा घातला, आणि डबा घेऊन तिच्या दारात गेले. ती अंगणात शेंगा फोडत होती.

"काय आणलंस?"

"खरवस."

"मग उभी का? बस की."

तिनं हात पुसले, डबा उघडला आणि बोटानं वडी उचलून तिथंच तोंडात टाकली. तिची सून दारात येऊन उभी राहिली होती. आळेकरणीनं तिच्याकडे बघितलंही नाही. दुसरी वडी खाल्ली, तिसरी खाल्ली. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हटलं, "तू त्या दिवशी पायरीवर उभी राहिली नसतीस, तर ही गाय आज नसती."

"पायरी काय तुझ्या बापाची हाय का, मी कुठंबी उभी ऱ्हाईन." आणि चौथी वडी उचलत म्हणाली, "साखर घातलीस व्हय? खरवसाला गूळ घालायचा असतो. घोडेगावात एवढंबी शिकवत न्हाईत?"

पुढच्या वेताला मी गूळ घातला.